स्मरणाचा प्रश्न आणि विचाराचा प्रश्न
विश्लेषणासारख्या उच्चस्तरीय विचारकौशल्यांसाठी पाठांतर वर्गातून हद्दपार करावे, हे काही जण मांडतात ते मत मला पटत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात ज्ञान आणि आकलन तळाशी आहेत, कारण विश्लेषण त्यांच्याच आधाराने उभे राहते. २/३ आणि ३/४ यांतला मोठा अपूर्णांक नियमाने ओळखणारे मूल आठवणीवर काम करते. पण ‘दोन्हींत एकेकच भाग कमी आहे, मग कमी पडलेला भाग कुठे लहान?’ असे विचारले, की तेच मूल थबकते, कागदावर दोन पट्ट्या काढते आणि कारण शोधू लागते. अर्थात, प्रश्नात ‘विश्लेषण करा’ असे लिहिले, तरी उत्तर आदल्या दिवशी फळ्यावर उतरवून दिलेले असेल, तर तो प्रश्न स्मरणाचाच राहतो.