गावचं घर (फॅमिली ग्रुप) : नानांचं काम बंद करायचं का?

दादा (ठाणे): नाना वाचतायत, तरी उघडच लिहितो. बहात्तराव्या वर्षी त्यांनी रहाटाने पाणी ओढायचं, बागेत बेणायचं आणि वर अंगण चोपायचं, हे मला पटत नाही. विहिरीवर पंप बसवू, एक गडी कायमचा ठेवू. पैसे मी देतो. नानांनी आता ओटीवर बसून आराम करावा.

आत्या (चिपळूण): पंपाला माझी ना नाही. पण त्याला ओटीवर बसवू नकोस रे. गेल्या पावसाळ्यात गुडघा धरला म्हणून दोन महिने बसून होता, तर पडवीची पायरी चढताना भिंत धरायला लागला. मी डोळ्यांनी बघितलंय.

धाकटी सून (गाव): दादा, दिवाळीपासून मी इथेच आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

नाना पाणी कसं ओढतात ते मी रोज बघते. पाणी सध्या चार पुरुष खाली आहे. कळशी बुडाली की ते दोर हिसडत नाहीत. एक पाय मागे टेकतात, कमरेतून थोडे बसतात आणि हातावर हात टाकत सरळ पाठीने ओढतात. कळशी काठाशी आली की क्षणभर थांबतात, मग डाव्या हाताने आत घेतात. मी पहिल्या दिवशी नुसत्या दंडाच्या जोरावर ओढलं, चौथ्या कळशीला खांदे भरून आले. आता बारा ओढते. कळशीत दहा लिटर धरलं तर बारा कळश्या म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास वजन रोज वर येतं. ठाण्यात असताना जिमला महिन्याचे पैसे भरूनही माझ्याकडून एवढं झालं नव्हतं.

अंगणाचंही तेच. नाना रोज चार हात अंगण करतात. माती पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपायचं, की उठायचं. दुसऱ्या दिवशी पुढचे चार हात. सारवण सगळ्यात शेवटी. सुपारी वाळवायच्या आत अंगण पुरं झालं म्हणजे झालं, त्यांना घाई नसते.

दादा: हे मात्र खरं. दिवाळीत शनिवार-रविवारात मी अर्धं अंगण एकट्याने चोपलं. सोमवारी गाडीतून उतरता येईना. तीन दिवस रजा पडली. मला वाटलं, वय झालं.

पिंट्या (फिजिओथेरपी, तिसरं वर्ष): काका, वय नाही. वर्षभर खुर्चीत असलेल्या कमरेला दोन दिवसांत सहा-सात तास उकिडवं बसवलंत, ती धरणारच. स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा हळूहळू वाढवलेला भार सोसतात, एकदम टाकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, शिवाय दोन दिवस ताकदीचं काम. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. पाखाडीच्या पायऱ्या चढणं-उतरणं, बागेच्या उतारावर चालणं यात आजोबांचा तोल रोजच राखला जातो. मध्यम म्हणजे किती, तर काम करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

धाकटी सून: मंगळवारी कड्यावरच्या गणपतीला जाताना ते माझ्याशी बोलत चढतात. दम मलाच लागतो.

आत्या: पातेऱ्याचं मात्र मला भ्या वाटतं. थंडीत कलमांखाली वाळक्या पानांचा एवढा पातेरा साठतो आणि नाना हातानेच गोळा करतो. फुरसं वीतभर असलं तरी जीवावर बेततं. आमच्याकडे गेल्या वर्षी चिऱ्याखाली निघालं, वेटोळं करून खवले घासत बसलेलं, करवत चालावी तसा आवाज. गडग्याचे दगड नीट लावताना लाल विंचू निघतो तो वेगळाच. महाडच्या डॉ. बावस्करांनी विंचवावर उपचार शोधला म्हणून कोकणातली किती माणसं वाचली.

धाकटी सून: आत्या, लांब दांड्याचं दाताळं आणि गमबूट मी मागच्याच आठवड्यात दापोलीहून आणले. आधी दाताळ्याने पातेरा हलवायचा, थांबायचं, मग भरायचं. आता नाना पातेऱ्यात हात घालत नाहीत.

पिंट्या: अजून एक. पहाटे गारठा असतो तेव्हा रहाट नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात जोर लावला की हृदयावर ताण. आजोबांना रक्तदाबाची गोळी आहे. ऊन अंगणात आलं की थोडं चालून अंग मोकळं करायचं, मगच जड काम. छातीत दडपण आलं, घाम सुटला, जबडा किंवा हात भरून आला तर ओवा चावत बसायचं नाही, गाडी काढून सरळ दवाखान्यात.

दादा: ठीक. मग असं करू. पंप बसवू, टाकी भरायला आणि शिंपण्याला. माडावर-पोफळीवर चढायला माणूसच, तिथे नानांचं काही ऐकायचं नाही. चिरे उचलायला दोघं. बाकी नानांचं नानांकडे.

आत्या: आणि रहाट काढू नका. तुळशीचं आणि देवाचं पाणी त्यानेच येऊ दे.

नाना: वाचलं सगळं. पंप बसवा, माझी हरकत नाही. भर उन्हात मोठ्या कलमांना पाणी घालताना मला हल्ली थकवा येतो, हे मी कोणाला बोललो नव्हतो. पण अंगण माझं मी करणार. सकाळी उठल्यावर आज कुठले चार हात, हे डोळ्यांसमोर असलं की मला बरं वाटतं. तुमची आई गेल्यापासून तर जास्तच.

दादा: नाना, शनिवारी येतो.

नाना: ये. शुक्रवारी रात्रीच निघ म्हणजे सकाळी ऊन आल्यावर सुरू करू. विहिरीकडची बाजू राहिली आहे. चार हात तू, चार हात मी. नंतर उठायचं. सूनबाई कुळथाचं पिठलं करणार आहे.