पांढरे डाग म्हणजे अल्झायमरच का?
एमआरआयच्या रिपोर्टात पांढरे डाग आले म्हणजे अल्झायमर सुरू झाला का? तसं नाही. मेंदूतल्या पेशींना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण असतं, म्हणून तो भाग पांढरट दिसतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या उच्च रक्तदाबाने कडक, अरुंद झाल्या की हे तंतू झिजतात आणि झिजलेल्या जागा एमआरआयवर पांढरे डाग म्हणून दिसतात. थोडक्यात, दिवे शाबूत पण वायरिंग खराब!

लक्षणंही त्यामुळे वेगळी. अल्झायमरमध्ये सहसा सकाळचं बोलणं दुपारी पुसलेलं असतं, आठवण करून दिली तरी परत येत नाही. बारीक वाहिन्यांच्या या आजारात आठवतं, पण उशिरा; पहिलं अक्षर सुचवलं की नाव येतं. एका वेळी दोन कामं जमत नाहीत, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी घासत पडतात, लघवीची घाई होते. आणि घरचे बिचाऱ्या गुडघ्यांना दोष देत बसतात.

डागांचं प्रमाण फाझेकास श्रेणीत ० ते ३ असं मोजतात. साठीनंतर १ सर्रास दिसतो. ३ असेल तर मात्र रक्तदाबाच्या नोंदी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जाच. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. बी-१२ सुद्धा तपासा, त्याच्या कमतरतेनेही मायलिन बिघडतं.