१,३६१ कोटींचं शपथपत्र आणि ७५ लाखांची मर्यादा (सोसायटी ग्रुप, फोंडा)

१८ एप्रिल २०२४

बी-२०४: कालपासून सगळ्या ग्रुपांवर एकच आकडा फिरतोय. दक्षिण गोव्याच्या भाजप उमेदवार पल्लवी धेंपे, १,३६१ कोटी. एवढी मालमत्ता असलेल्या माणसाला निवडणूक खर्चाची मर्यादा लावून काय होणार? आणि हा आकडा तपासतं कोण?

सी-१०१ (सीए): आकडा दोघांचा मिळून आहे, एकटीचा नव्हे. जंगम मालमत्ता त्यांची २५५.४ कोटी, पती श्रीनिवास धेंपे यांची ९९४.८ कोटी. स्थावर त्यांची २८.२ कोटी, पतींची ८३.२ कोटी. बेरीज करून बघा. शपथपत्र फॉर्म २६ मध्ये असतं, त्यात स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित असे वेगवेगळे रकाने असतात. फॉरवर्डवाले सगळं एकत्र करून मथळा करतात.

सी-१०१ (सीए): त्यांच्या २५५ कोटींपैकी २१७ कोटी बाँड आहेत. सोनं ५.६९ कोटी, गाड्या २.५४ कोटी. म्हणजे लोक गाड्या आणि दागिन्यांवर बोलतायत, खरं वजन कागदी गुंतवणुकीत आहे.

बी-२०४: ताई, मग उत्पन्न? २०२२-२३ चं त्यांचं १० कोटी आणि पतींचं ११ कोटी दिसतंय. मालमत्तेत चौपट फरक आणि उत्पन्न जवळजवळ सारखं, हे कसं?

सी-१०१ (सीए): चांगला प्रश्न. हे गोव्याबाहेरच्यांना कळत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यात लग्नानंतर मालमत्ता सामायिक धरण्याची पद्धत आहे. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए आलं. ज्या जोडप्याला ही पद्धत लागू आहे, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न (भाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा) निम्मं-निम्मं करून दोघांच्या विवरणात दाखवायचं. पगार ज्याचा त्याचा. त्यामुळे गोव्यातल्या उमेदवारांच्या शपथपत्रात नवरा-बायकोचे आयकर विवरणाचे आकडे पुष्कळदा शेजारी-शेजारी दिसतात. इथेही तेच कारण असावं असा माझा अंदाज आहे. कोणीतरी पैसे वळवले असा अर्थ लगेच काढू नका.

सी-१०१ (सीए): आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्मच्या सूचनेप्रमाणे शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे शेअर चालू बाजारभावाने लिहायचे, नोंद नसलेल्या कंपनीचे हिशेबवहीतल्या किमतीने. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणींनी २०१४ ला बंगळुरू दक्षिणमधून लढताना पत्नीसह सुमारे ७,७०० कोटी दाखवले, त्यातले बहुतेक इन्फोसिसचे शेअर. बाजार वर गेला की आकडा वर, पडला की खाली. उलट ज्याचा धंदा खासगी कंपन्यांत आहे त्याचा आकडा खऱ्या किमतीच्या कितीतरी खाली असू शकतो, आणि त्यात कायद्याचा भंगही नाही. म्हणून दोन उद्योजकांची शपथपत्रं समोरासमोर ठेवून कोण जास्त श्रीमंत ते ठरवू नये. जमिनीच्या रकान्यात मात्र खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत तिन्ही असतात. ते शेजारी ठेवून वाचा, खूप कळतं.

ए-३०२ (निवडणूक शाखेतून निवृत्त): आता तपासतं कोण, त्याचं उत्तर. निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे आपल्याकडे मडगावला माथानी साल्ढाणा संकुलात, शपथपत्र *पूर्ण* आहे का एवढंच बघतो. *खरं* आहे का हे बघायचा त्याला अधिकार नाही. रकाना कोरा असेल तर नोटीस देऊन भरून घेतो, तरी कोरा ठेवला तर छाननीत अर्ज जातो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं, नुसती रेघ मारून चालत नाही. नवखे उमेदवार इथेच अडकतात. हाताखाली वकील-सीए असलेले सहसा अडकत नाहीत.

बी-२०४: म्हणजे खोटं लिहिलं तरी अर्ज राहतो?

ए-३०२: छाननीत राहतो. पण कोणीही नागरिक उलट शपथपत्र देऊ शकतो, तेही सूचना फलकावर लागतं आणि वेबसाइटवर चढतं. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. छाननी २० तारखेला, माघार २२ ला. ज्यांना वाचायचंय त्यांनी आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवरून मूळ पीडीएफ घ्या. स्क्रीनशॉट नको.

ए-३०२: खर्चाचं सांगतो. लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. १,३६१ कोटींच्या हिशेबात १०० रुपयांमागे साडेपाच पैसे. म्हणून पैसा किती आहे यापेक्षा तो कोणत्या नावावर खर्च पडतो हे बघायचं. अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, सगळा खर्च त्यातूनच. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांवर रोख द्यायची नाही. नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात निदान तीनदा खर्च निरीक्षकाकडे न्यावी लागते. आयोगाची माणसं सभांचं चित्रीकरण करून आपली वेगळी शॅडो नोंदवही ठेवतात. तुम्ही २०० खुर्च्या लिहिल्या आणि व्हिडिओत ८०० दिसल्या, तर जिल्ह्याच्या दरपत्रकाने फरक तुमच्या नावावर चढतो.

ए-३०२: चूक कुठे होते? मित्राची गाडी फुकट मिळाली म्हणून लिहीत नाहीत. फुकट नसते ती, दरपत्रकातलं भाडं धरतात. स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या खात्यात जातो, पण उमेदवार त्याच मंचावर चढला की मंडप, माइक, खुर्च्यांचा वाटा उमेदवाराच्या खात्यात. फलकावर नुसतं चिन्ह असेल तर पक्षाचा, उमेदवाराचं नाव किंवा फोटो आला की उमेदवाराचा.

डी-००३ (वकील): यात ए-३०२ काकांनी न बोललेली पळवाट म्हणजे पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. ७५ लाख फक्त उमेदवाराला. मला ही तरतूद चुकीची वाटते आणि ती बदलायलाच हवी.

बी-२०४: आणि वर्तमानपत्र? 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंपे समूहाचीच ना?

ए-३०२: हो. त्यासाठी आयोगाची स्पष्ट सूचना आहे. उमेदवाराने स्वतःच्या मालकीचं वृत्तपत्र किंवा वाहिनी प्रचारासाठी वापरली, तर एक पैसा दिला नसला तरी त्यांच्या छापील जाहिरात-दराने खर्च दाखवावा लागतो. नियम सगळ्या पक्षांना सारखा.

ॲडमिन: मंडळी, माहिती चालेल. कोणाला मत द्यायचं ते इथे नको.

डी-००३: मान्य. शेवटचा मुद्दा, जो उद्योजक उमेदवाराच्या बाबतीत सगळ्यांत आधी बघायला हवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ९ए. खासदारकीच्या उमेदवाराचं केंद्र सरकारला माल पुरवण्याचं किंवा काम करून देण्याचं कंत्राट चालू असेल तर तो अपात्र. काम पुरं झालं आणि फक्त बिल थकलंय, तर कंत्राट चालू मानत नाहीत.

बी-२०४: वकीलसाहेब, कंत्राट कंपनीच्या नावावर असेल तर?

डी-००३: तिथेच गोम आहे. कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती, म्हणून तिचा भागधारक किंवा संचालक सहसा ९ए मध्ये सापडत नाही. पण माहिती लपत नाही. फॉर्म २६ मध्ये उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं लिहायचा भाग आहे. स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची, भागीदारीची, आणि ज्या खासगी कंपनीत हिस्सा आहे तिचीही. त्याच्या थोडं आधी सरकारी थकबाकीचा तक्ता येतो. मथळ्यातला कोटींचा आकडा सोडून हे दोन भाग आधी वाचा. खासदाराचा धंदा कोणत्या खात्याशी जोडलेला आहे ते तिथे कळतं.

सी-१०१: आणि निवडून आल्यावर संचालकपद सोडावं लागतं का, असं कालच लिफ्टमध्ये कोणी विचारत होतं. नुसत्या खासदाराला नाही. मंत्री झाल्यास आचारसंहितेप्रमाणे धंद्याचा कारभार सोडावा लागतो, मालकी नाही.

४ जून २०२४

बी-२०४: निकाल आला. काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस २,१७,८३६. पल्लवी धेंपे २,०४,३०१. फरक १३,५३५.

डी-००३: नीलेकणी तर २ लाख २८ हजारांनी हरले होते. इथे लढत चुरशीची झाली.

बी-२०४: काका, आता त्या खर्चाच्या वहीचं काय?

ए-३०२: हरलेल्यालाही हिशेब द्यावाच लागतो. निकालापासून ३० दिवस, म्हणजे ४ जुलैपर्यंत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. दिला नाही आणि सबळ कारण नसेल तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. दिलेला हिशेब कोणालाही बघता येतो, तपासणीची फी एक रुपया. मडगावला जायचं, अर्ज करायचा, पांढरी पानं मागायची. विजेत्याचीही मागा.