अनुभव धागा: खाण्याची सवय बदलताना कुठं अडतं, कशानं जमतं

मराठवाड्यात रोज या कामात असणाऱ्यांनी लिहावं. मोघम उपदेश नको. मापं आणि कृती द्या.

आहारतज्ज्ञ, लातूर
सवय जिभेइतकीच वेळेला चिकटलेली असते. चारचा चहा बंद केला तर चार वाजता हात रिकामा राहतो आणि चिवड्याच्या डब्याकडं जातो. म्हणून कप ठेवा, साखर उतरवा. दोन सपाट चमचे म्हणजे 8 ते 10 ग्रॅम. पाच कपांत 40 ते 50 ग्रॅम. वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत हवी. आठवड्याला पाव चमचा कमी केला तर जीभ कुरकुरत नाही. गूळही यातच मोजायचा, तो वेगळा नाही.
एक मात्र नक्की पाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच आणि भाकर अर्धी, असं केलं तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात.

स्वयंपाक शिकवणाऱ्या ताई, परभणी
पोळीवरून ज्वारीवर यायचं ठरतं आणि भाकर तुटते म्हणून सुटतं. दोष बहुतेक वेळा पिठाचा असतो. जुनं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, आणि थापताना कडा फाटतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. तरी तुटत असेल तर परातीत पिठावर उकळतं पाणी घालून उलथन्यानं हलवा, पाच मिनिटं झाका, मग तळहातानं चांगलं रगडा. सगळं एकदम मळू नका. एका भाकरीपुरता गोळा घ्या. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाणी फिरवा आणि ते पार वाळायच्या आत उलटा, नाहीतर चिरा पडून भाकर फुगत नाही.
सुरुवात एकाच जेवणापासून. दोन्ही वेळा एकदम भाकर, वर मोडाची उसळ, असं केलं की पोट फुगतं आणि बोल ज्वारीला लागतो. पाणी जास्त प्या, हळूहळू सोसतं.

आशाताई (गावातली आरोग्य कार्यकर्ती), बीड जिल्हा
एकट्यासाठी वेगळं शिजवायचं ठरवलं की करणारी बाई थकते. बदल घराच्या पातेल्यात करा. माणशी दिवसाला 25 ग्रॅम तेल धरलं तर चार माणसांना आठवड्याला 700 ग्रॅम. तेवढंच बरणीत काढा, डबा वर ठेवा. बुधवारीच बरणी तळाला गेली तर कुठं जास्त पडतंय ते आपोआप कळतं. बहुधा तर्रीत. आमटीला येसराचं पीठ (भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेलं) पाण्यात कालवून लावा. दाटपणा आणि चव त्यातूनच येते, तेल कमी पुरतं.
मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. भाजीतलं कमी करून ताटात लोणचं, पापड आणि कारळाची चटणी राहिली तर काहीच कमी झालं नाही.

कारखान्यातला कॅन्टीन सांभाळणारा, वाळूज
रात्रपाळीला भूक तीनच्या सुमारास लागते आणि समोर वडे असतात. पाळीला निघतानाच मूठभर फुटाणे-शेंगदाणे खिशात पाहिजेत. डब्यात ठेवले तर डबा पहिल्या सुट्टीतच संपतो.