चंद्रावर विवर असतं की खड्डा?

खारघरकर
आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर लहान मुलांसाठी चंद्राची माहिती लावायची ठरलंय, दूध आटेपर्यंत पोरं टाकीवर चढतात त्यापेक्षा काहीतरी वाचतील म्हणून. वय सहा ते दहा, निम्मी इंग्लिश मीडियमची. मजकूर लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. एक वाक्य होतं, 'चंद्रावर लाखो विवरं आहेत'. ते वाचून दुसरीतली एक मुलगी म्हणाली, मग चंद्रावर उतरलेला विक्रम त्यात ओढला कसा नाही गेला? मला आधी कळेचना काय म्हणतेय ती. तर तिला यूट्यूबवरून कृष्णविवर माहितीये, त्यात गेलेला प्रकाशसुद्धा परत येत नाही वगैरे, त्यामुळे विवर म्हणजे गिळणारं काहीतरी. म्हणून मी 'खड्डे' केलं, तर कमिटीतले एक काका म्हणे खड्डे सायन-पनवेलवर असतात, चंद्रावर विवरं असतात, मुलांना शास्त्रीय शब्द शिकवा. नक्की काय ठेवू? उद्या संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायचीय.

येऊरचा वारा
विवर. काका बरोबर आहेत. पाठ्यपुस्तकात विवर, मासिकांत विवर, मग सोसायटीच्या गच्चीवरच खड्डा का? आणि शब्द फार सुंदर आहे, वि + वृ म्हणजे उघडणे, विवरण त्यातूनच आलं. विवरण म्हणजे अर्थ उघडून दाखवणे, विवर म्हणजे जमीन उघडलेली जागा. मुलीला हे सांगा, ती आयुष्यभर विसरणार नाही.

ट्रान्सहार्बर
दुसरीतल्या मुलीला धातू सांगणार. दूध उतू जाईल तोवर.

विज्ञानाच्या बाई
ठाण्यात पाचवी ते सातवीला शिकवते, हा घोळ दर वर्षी होतो. मुलांची चूक नाहीये, आपणच दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावून ठेवलाय. कृष्णविवरात खरं तर भोक बिक काही नसतं, प्रचंड वस्तुमान एवढ्याशा जागेत कोंबलेलं असतं. चंद्रावरचं विवर म्हणजे दगड येऊन आदळला आणि जमीन उडाली, बस. ज्वालामुखीच्या तोंडालासुद्धा आपण विवर म्हणतो, ते तिसरं. आणि गंमत म्हणजे चंद्रावरची विवरं ज्वालामुखीची की आदळल्याची हा वाद शास्त्रज्ञांमध्येच विसाव्या शतकापर्यंत चालू होता, कारण सगळी गोल कशी, दगड तिरपे आले तर लांबट खड्डे पडायला हवेत ना, हा प्रश्न सुटत नव्हता. उत्तर असं की दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो, टेकताक्षणी स्फोट होतो, आणि स्फोटाचा खड्डा गोलच पडतो, दगड अगदी आडवा घासत आला तरच लांबट. हे मुलांना जाम आवडतं. पिठाच्या परातीत गोटी टाकून दाखवायची.

मी वर्गात 'खड्डा, त्याला पुस्तकात विवर म्हणतात' असं सांगते. एकदा दोन्ही म्हटले की झालं.

बुलढाण्याची पोर
मी मूळची मेहकरची, आता ऐरोलीत. लोणार आमच्यापासून जवळच, लहानपणी वर्षातून एकदा तरी जाणं व्हायचंच. घरात कधीच कोणी विवर म्हटलेलं आठवत नाही, लोणारचं तळं म्हणायचे नाहीतर नुसतं लोणार. विवर हा शब्द मी पहिल्यांदा तिथल्या पाटीवर वाचला आणि मला वाटलं हे तळ्याशेजारी दुसरं काहीतरी आहे आणि ते आपल्याला बाबांनी दाखवलंच नाही, रुसून बसले होते 😄

खारघरकर, तुमच्या फ्लेक्सवर लोणार घ्याच. साधारण १.८ किमी रुंद आहे, आणि मुख्य म्हणजे बेसॉल्टमध्ये, आपल्या काळ्या पत्थरात, दगड आदळून पडलेला खड्डा आहे. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तेही बेसॉल्टच, जुना लाव्हा थिजलेला. म्हणून तर चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. मुलांना सांगायचं, गच्चीवरून तो पारसिकचा डोंगर दिसतो ना, त्याच जातीचा दगड वर चंद्राच्या डागात आहे.

खारघरकर
आमच्या गच्चीवरून खारघरचा डोंगर दिसतो, पारसिक नाही दिसत. पण दगड तोच ना?

बुलढाण्याची पोर
हो हो, तोही बेसॉल्टच. दख्खनचं सगळं पठारच.

येऊरचा वारा
म्हणजे तुमच्या घरी विवर म्हणत नसत कारण त्यात पाणी होतं. पाणी असलं की तळं, नसलं की विवर. चंद्रावर पाणी नाही, विवर. प्रश्न मिटला.

विज्ञानाच्या बाई
चंद्रावर पाणी नाही असं फ्लेक्सवर लिहू नका हं. चंद्रयान-१ वरच्या उपकरणाला पाण्याचे रेणू सापडले, २००९ मध्ये जाहीर झालं ते. आणि ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, तिथे बर्फ आहे.

प्रूफवाला
'चंद्रयान' नाही, 'चांद्रयान'. मराठीत चांद्रयान.

विज्ञानाच्या बाई
इस्रोने नाव चंद्रयान ठेवलंय. वाजपेयींनी १५ ऑगस्ट २००३ च्या भाषणात जाहीर केलं तेव्हाही चंद्रयानच म्हणाले. विशेषनाम आहे, त्याला काना कुठून आणायचा?

प्रूफवाला
बाई, मी नौपाड्यात राहतो, पस्तीसेक वर्षं प्रुफं तपासण्यात गेली. चांद्रमास, चांद्रवर्ष, तसं चांद्रयान. चंद्राचं, चंद्रासंबंधीचं, ते चांद्र. २००८ ला पहिलं यान गेलं तेव्हा छापखान्यात यावरून दोन तट पडले होते, एकाने काना काढायचा, दुसऱ्याने रात्रपाळीत घालायचा. शेवटी मराठी पेपरांमध्ये चांद्रयान रुळलं, अजून तेच छापतात. आता मुलांना सकाळी पेपरात एक आणि गच्चीवर दुसरं दाखवणार का?

येऊरचा वारा
प्रूफवाले साहेब, तुमच्या बाजूचा असूनही सांगतो, चंद्रयान व्याकरणात चुकीचं नाही. चंद्राचे यान, षष्ठी तत्पुरुष, सरळ समास. चंद्रग्रहण म्हणतो की आपण, चांद्रग्रहण नाही.

प्रूफवाला
आणि सूर्यमास म्हणता का सौरमास?

ट्रान्सहार्बर
चंद्रकोर. चंद्रहार. चंद्रपूर. आता तुम्ही.

प्रूफवाला
चांद्रायण.

नीलमोहर
अय्या चांद्रायण! आमच्या पणजीने केलं होतं म्हणे ते व्रत, आजी सांगायची. पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक घास कमी करत अमावास्येला काहीच नाही, परत एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा. चंद्राच्या कला मुलांना शिकवायला याहून सोपं काय आहे? मी तर म्हणते कोजागिरीला हेच सांगा, पोरांना जेवणावरून लक्षात राहतं. चांद्रयान चांद्रायणावरूनच आलं असणार बघा.

विज्ञानाच्या बाई
नाही आलेलं. चांद्रायणातलं अयन वेगळं, ते दक्षिणायन-उत्तरायणातलं. पण घासांची कल्पना चांगली आहे, पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे हिशोबही जवळजवळ जमतो. चोरतेय.

खारघरकर
मंडळी खूप छान माहिती मिळतेय पण खड्डा की विवर? फ्लेक्सवर सध्या एवढं आहे, बघा: चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीवर तुमचं वजन ३० किलो असेल तर चंद्रावर ५ किलो. २० जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, त्यांचा तिसरा साथीदार मायकल कॉलिन्स यानात बसून वर घिरट्या घालत होता. एकूण १२ माणसं चंद्रावर चालून आली, शेवटची १९७२ मध्ये. तिथे वारा नाही म्हणून पावलांचे ठसे अजून आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्र/चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरलं. चंद्रावर लाखो ____ आहेत.

विज्ञानाच्या बाई
'दक्षिण ध्रुवावर' नको, 'ध्रुवाजवळच्या भागात' करा. ६९ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास उतरलंय ते, ध्रुव ९० ला. आणि वजन किलोत... जाऊ दे. दुसरीला न्यूटन नको, पण सहावीतलं कोणी विचारलं तर वस्तुमान तेच राहतं असं सांगा.

ट्रान्सहार्बर
बाई स्वतःला आवरतायत हे बघून भरून आलं. कॉलिन्सचं मात्र चांगलं घेतलंय, त्याला सगळे विसरतात. दोघं खाली फोटो काढतायत आणि हा एकटा चंद्राच्या मागे जाऊन येतोय, मागे गेला की रेडिओसुद्धा बंद.

बुलढाण्याची पोर
खड्डा विवर बद्दल मला वाटतं आकारावर आहे. विक्रममधून उतरलेलं प्रज्ञान फिरत होतं तेव्हा इस्रोने फोटो टाकला होता आठवतो का, २७ ऑगस्टचा, समोर ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचं आलं म्हणून त्याला मागे वळवलं. चार मीटर म्हणजे आपली बेडरूम. त्याला कोण विवर म्हणेल, तो खड्डाच. चंद्रावरचं टायको ८५ किमी रुंद आहे, पौर्णिमेला त्याच्यापासून निघालेले पांढरे पट्टे साध्या डोळ्यांनीसुद्धा दिसतात, त्याला खड्डा म्हणणं म्हणजे अपमान. ठाण्यापासून निघालात तर लोणावळा मागे पडेल एवढं मोठं आहे ते.

येऊरचा वारा
आणि दक्षिणेकडचं ते सगळ्यात मोठं, अडीच हजार किलोमीटरचं? त्याला काय म्हणणार, खोरं? खोरं म्हटलं की नदी आली. विवरच म्हणावं लागतं शेवटी.

नीलमोहर
खळगा छान शब्द आहे की. निघोजचे रांजणखळगे नाही का, कुकडी नदीतले. आम्ही गेलो होतो, काय सुंदर कोरलेत पाण्याने.

येऊरचा वारा
ते पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून झालेत, हे आदळून. क्रिया वेगळी, शब्द वेगळा हवा. फार तर 'आघातखळगा' म्हणता येईल.

ट्रान्सहार्बर
आघातखळगा!! ठाणे स्टेशनच्या पुलाखाली पावसात उतरा, मिळेल. चंद्राला काय पडलंय, त्याला चार अब्ज वर्षं दगड खाऊन काही वाटलं नाही, आपण शब्दावरून जखमी.

येऊरचा वारा
हसा. दूरदर्शन, आकाशवाणी यांनाही लोक हसलेच असतील. शब्द वापरला की रुळतो. तुम्ही क्रेटर म्हणा खुशाल, पोरांना मग दोन्ही येणार नाही.

ट्रान्सहार्बर
माझी पोरगी क्रेटरच म्हणते आणि तिला सगळं येतं, टायको कुठलं कोपर्निकस कुठलं बायनॉक्युलरने दाखवते मला. शब्द इंग्लिश आहे म्हणून ज्ञान कमी पडलं असं काही दिसलं नाही. उलट आजीला सांगताना 'चंद्राला आलेल्या देवी' म्हणाली, आजीला पटकन कळलं.

प्रूफवाला
तो सगळ्यात चांगला शब्द आहे या धाग्यातला. बाकी खारघरकर, तुमच्या मजकुरात 'प्रज्ञान' आणि 'रोव्हर' येणार असतील तर लिंगाचं ठरवून घ्या. वर ताईंनी 'प्रज्ञान फिरत होतं' लिहिलंय ते बरोबर, ज्ञान नपुंसकलिंगी. पण बातम्यांत सर्रास 'प्रज्ञान रोव्हर फिरला'. विक्रम उतरला ठीक, विक्रम पुल्लिंगीच. यान उतरलं. आणि रोव्हर?

नीलमोहर
रोव्हर ती. ती गाडी ना?

विज्ञानाच्या बाई
वर्गात मुलं 'तो रोव्हर' म्हणतात, सगळी. तो स्कूटर कोणी म्हणत नाही, पण तो ट्रॅक्टर म्हणतात, तसं.

येऊरचा वारा
बग्गी म्हणा, स्त्रीलिंगी, वाद संपला. सहा चाकं, २६ किलो, बग्गीच आहे ती.

प्रूफवाला
बग्गीला घोडा लागतो.

खारघरकर
नवीनच अडचण. फ्लेक्सवाल्याला सॅम्पल पाठवलं तर त्याच्याकडे 'प्रज्ञान'मधला ज्ञ फुटतोय, ज आणि ञ वेगवेगळे येतायत, आणि 'आर्मस्ट्राँग'मधल्या 'ट्राँ'वरचा अर्धचंद्र पुढच्या अक्षरावर जाऊन बसलाय. मी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं. तो म्हणतो शब्द बदला.

ट्रान्सहार्बर
म्हणजे फायनल फ्लेक्सवाला ठरवणार, मला आधीपासून वाटतच होतं.

प्रूफवाला
शब्द अजिबात बदलू नका. त्याचं जुनं सॉफ्टवेअर असेल, युनिकोड घेत नसणार. तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर लावून पीडीएफ द्या, नाहीतर कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून द्या म्हणजे फाँटचा प्रश्नच नाही. आणि देण्याआधी प्रिंट काढून मला दाखवा, नौपाड्यात घरीच असतो संध्याकाळी.

खारघरकर
कर्व्ह कसं करतात?