रोजच्या गाडीला घरच्या घरी कोटिंग: सिरॅमिक, वॅक्स की नुसतं पाणी?

बाणेरचा_बाबू:
गाडी चार वर्षांची, गडद निळी. रंग मुद्दाम सांगतोय, पांढऱ्या गाडीवाल्यांना आमचं दुःख कळायचं नाही. रोज बाणेर ते खराडी, रात्री सोसायटीत रेन ट्रीखाली. सकाळी टपावर चिकट थेंब आणि कावळ्यांची कृपा. दुकानात सिरॅमिकचे (रंगावर लावायचं, वाळून कडक थर होणारं द्रव) २२,००० सांगितले, वर "९एच आहे साहेब, ओरखडा उठणारच नाही."
माझं मत: एवढे पैसे देण्यात अर्थ नाही. स्प्रेचं सिरॅमिक आणून पावसाळ्याआधी स्वतः मारावं. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

तांबडी_अल्टो:
दुकानदाराचं नको म्हणता आणि त्याचीच बाटली आणता, गंमत आहे. ते ९एच म्हणजे पेन्सिलीचं माप. एचबी, २एच अशा पेन्सिली चढत्या क्रमाने रंगावर ओढून बघतात, त्यातली कडक ती ९एच. खनिजांच्या कडकपणाच्या मोह्स मापात हिऱ्याला १० असतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन, स्प्रेचा त्याहूनही पातळ. खालचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७०. एवढ्याशा थराने ओरखडे कसले अडतायत?
मी कार्नोबा वॅक्सवाला. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण ते. रविवारी सकाळी तासाभरात गाडी होते, चुकलं तर परत पुसा. सिरॅमिक चुकलं की पॉलिश मशीन आणा.

खडकवासला_एक्सप्रेस:
वॅक्स महिना-दीड महिना टिकतं, आपल्या पावसात त्याहून कमी. दर महिन्याला कोण घासत बसणार? सिरॅमिकने ओरखडे थांबत नाहीत हे मान्य, पण पाणी आणि चिखल धरत नाही, धुणं निम्म्यावर येतं. ते मला पुरे.
फक्त बाबूराव, माझं झालं तसं करू नका. मे महिन्यात, अकरा वाजता, गच्चीवरच्या पार्किंगला अख्खं बॉनेट एका दमात माखलं. पुसायला फडकं उचलेपर्यंत वाळून बसलं. दुपारी काही दिसलं नाही, रात्री ट्यूबलाइटखाली बघतो तर रॉकेल सांडल्यासारखे इंद्रधनुषी पट्टे! घासून काढताना दंड भरून आले. आता सावलीत, पत्रा हाताला गार लागला तरच, एका वेळी अर्धा दरवाजा. एक फडकं पुसायला, दुसरं कोरडं, शेवटच्या हाताला. आणि एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही.
आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेला कचरा ओढून काढणारी मऊ वडी, मारलाच पाहिजे. धुतलेल्या गाडीवर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. त्या कचऱ्यावर कोटिंग मारलंत तर कचराच जपून ठेवाल.

नागपूरची_कुंदा:
सगळे बाटलीवर भांडताय. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा. गोल गोल जाळी दिसली, कोळ्याने विणल्यासारखी? ती उन्हाने येत नाही. रोज सकाळी गाडी पुसायला येणारे दादा आणतात. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या. तिसऱ्या गाडीनंतर त्या फडक्यात पाणी कमी आणि वाळू जास्त असते. वर मेण लावा नाहीतर सोन्याचा वर्ख, रोज वाळूने घासल्यावर काय राहणार?
मी पुसणं बंद केलं. आठवड्यातून एकदा दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, म्हणून लगेच कोरडं करते, नाहीतर पांढरे चट्टे बसतात. पक्ष्याची शिट दिसली की ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून उचलायची, घासायची नाही. कोटिंग शून्य.

तांबडी_अल्टो:
ताई, मुद्दा बरोबर. पण पुण्यात आठवडाभर न पुसलेली गाडी म्हणजे शेजारची पोरं काचेवर नावं लिहून जातात.

नागपूरची_कुंदा:
लिहू द्या. काच आहे ती, रंग नाही.

दापोली_स्टँड:
आमच्याकडे दोन्ही पक्ष हरतात. खारी हवा वरच्या रंगाचं फार बिघडवत नाही, गाडी खालून खाते. माझ्या आधीच्या गाडीचं बॉनेट आरशासारखं होतं आणि दाराच्या खालच्या कडेला बोट आत जात होतं. पाणी निचऱ्याची भोकं पानांनी तुंबलेली, मी मात्र वर पॉलिश करत बसलेलो. पैसे तळाच्या गंजरोधक लेपाला घाला.

खडकवासला_एक्सप्रेस:
दापोलीला पटतं. बाणेरला समुद्र कुठून आणायचा?

बाणेरचा_बाबू:
टॉर्च लावून बघितला. जाळी आहे. बॉनेटवर एवढी, की बायको म्हणाली रांगोळी बरी.
बाटली आणली आहे, रविवारी सात वाजता अर्धा-अर्धा दरवाजा करत मारणार, त्यात बदल नाही. पण कुंदाताईंचं ऐकून आज आमच्या पुसणाऱ्या दादांना म्हटलं, पगार तोच, फक्त काचा करा, पत्र्याला हात लावू नका. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुमची एकटी धुळकट दिसली की सेक्रेटरी म्हणणार मी खाडा केला. तुम्ही लिहून द्या."
आता सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहू, ते सुचवा.