गुलाबाच्या काड्या मातीत सडल्या, वाळूत टिकल्या. आता कशात लावू?

सिडकोची गच्ची
पंचवटीत आईच्या वाड्यात गावठी गुलाब आहे, माझ्या आजीने लावलेला. वाडा पाडायला घेतलाय, म्हणून महिन्यापूर्वी १८ काड्या आणल्या. १२ कुंडीतल्या काळ्या मातीत लावल्या, ६ नुसत्या वाळूत. मातीतल्यांना आठवड्यात फुटवे आले, मला वाटलं जगल्या. आता पानांनी माना टाकल्यात. एक उपटून पाहिली तर बूड काळं, मुळी एकही नाही. वाळूतल्यांना पान नाही, पण काडी हिरवी आहे. झाड अजून चार-पाच दिवस उभं असेल. या वेळी चुकायचं नाहीये.

मखमलाबादकर
बटाट्यात खोचून लावा ताई, ओल टिकते.

खुंटकाडी
बटाटा नको, तो कुजतो आणि काडीलाही सडवतो. पिंपळगावला द्राक्षाच्या नर्सरीत ११ वर्षं डॉगरिजच्या, म्हणजे ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात त्याच्या, काड्या लावतोय, त्यावरून सांगतो.

ताई, फुटव्याला भुलू नका. तो काडीत साठलेल्या अन्नावर येतो. मुळी नसेल तर ते अन्न संपलं की पान सुकतं. मुळी फुटायला बुडाशी ओल हवी आणि हवाही हवी. आपली काळी माती पाणी धरून चिकट होते, हवा राहतच नाही. खताचं तर आता कामच नाही, मुळ्या नसलेली काडी खाणार कशाने? शेणखत या टप्प्यावर घालूच नका.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे, हवा खेळती ठेवतात) निम्मं निम्मं घ्या. पर्लाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालेल. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंबच पडावा, धार लागली तर ओल जास्त.

काडी नुकतं फूल येऊन गेलेल्या फांदीची, पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंमी. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या जागेच्या, लगेच खाली. बुडाला आयबीएची, म्हणजे मुळ्या फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची, पावडर लावून झटका. आधी काठीने भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. वर दोन पानं ठेवा, कापलेली पारदर्शक बाटली उपडी घाला, सावलीत ठेवा. ४ ते ६ आठवडे उपटून बघायचं नाही. हलकं ओढल्यावर काडी अडली की मुळी धरली.

सिडकोची गच्ची
दादा, उद्या सकाळीच जाते काड्या आणायला. वाळूतल्या सहा काड्यांचं काय करू?

खुंटकाडी
त्या राहू द्या, फक्त वाळू कोरडी पडू देऊ नका. पण नुसत्या वाळूत मुळ्या लांब आणि ठिसूळ येतात, हलवताना तुटतात. मुळ्या बोटभर होण्याआधीच चमच्याने भोवतालच्या वाळूसकट उचला. आणि उद्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, पंचवटीहून सिडकोला येईपर्यंत ऊन लागायला नको.